सुमित्राची हजेरी

फोन आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गाची हजेरी घेत होते. वर्गात फोन घ्यायचा नाही हा माझाच नियम, पण पडद्यावर दत्ताचं नाव होतं, आणि माझा हा धाकटा भाऊ ऊसतोडीला गेला की कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. "आक्का, सुमित्रा गेली," एवढंच तो म्हणाला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी म्हणाले, "बरं." ...खरंच, बरं म्हणाले. मग पोरांकडे पाहिलं, ती आपापल्या नावाची वाट बघत बसली होती, आणि मला पुढचं नाव घेता येईना.

सुमित्रा माझी भावजय. युसूफ वडगावजवळच्या आमच्या गावात लग्न होऊन आली तेव्हा बारावी झालेली होती, आणि तोंडाने म्हणाल तर पदवीधर. मी मास्तरीण, चारचौघांना गप्प बसवायची सवय. तिला गप्प बसायची सवय नाही. सुरुवातीला आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. पुढे तिने मुक्त विद्यापीठातून बीए केलं, कायद्याची प्रवेश परीक्षा दिली आणि मला येऊन सांगितलं. मी म्हटलं, "वकील होऊन कुणाचे खटले लढणार गं? म्हशींचे?" ती म्हणाली, "म्हशींचं मागून बगू, आक्का. आदी बायांचं लई तुंबलंय." त्या दिवसापासून आमचं जमलं. शनिवार-रविवार ती कॉलेजसाठी माझ्याकडे तालुक्याला राहायला लागली.

कॉलेज कामकरी माणसांना धरून चालवलेलं होतं. तास शनिवारी-रविवारी. पदवी हवी तर कोर्टात जाऊन खटले ऐकायचे, गावात कायद्याचं शिबिर घ्यायचं, अभिरूप न्यायालयात, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या कोर्टात, उभं राहून बाजू मांडायची, तोंडी परीक्षा द्यायची. तिथले सर म्हणायचे, गरिबाला न्याय द्यायचा कायदा शिकवतो आणि गरिबालाच दाराबाहेर ठेवतो, असं कसं चालेल? म्हणून ऊसतोडीच्या हंगामाला जाणाऱ्यांना सवलत होती : शिबिर उसाच्या फडावर घ्या, बुडालेले तास परत आल्यावर भरून काढा. फक्त त्या भरून काढलेल्या तासांच्याही हजेरीला सूट नव्हती. बाकीची मुलं त्या हजेरीच्या नावाने बोटं मोडायची. सुमित्राचा सगळा जीव त्या हजेरीत.

त्याचं कारण तिने मला भांडी घासता घासता सांगितलं होतं. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरते. पण मुकादम सकाळी नाव पुकारतो ते नवऱ्याचं. "म्या आर्धा कोयता, आक्का. आर्ध्याला कशाला नाव?" कॉलेजात पहिल्या दिवशी सरांनी नाव घेतलं तशी ती ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, "हाजर." सर म्हणाले, बसून सांगितलं तरी चालतं. तिला नाही चाललं. शेवटपर्यंत ती उभी राहूनच हजेरी द्यायची.

घरी आली की आठवडाभर तिला ते चुकल्यासारखं व्हायचं. मग संध्याकाळी दत्ता जेवायला बसला की त्याला हुकूम : हजेरी घ्या. तो बिचारा लाजायचा. "कावून? समूर तर हाईस." "तरी पुकारा तुमी." मग तो ताटाकडे बघत पुकारायचा, "सुमित्रा," आणि ही पिठाच्या हातांनी चुलीपुढून उठायची, "हाजर." त्याशिवाय घास मोडायची सोय नव्हती. सुट्टीत मी गावी असले की हसून हसून माझ्या पोटात दुखायचं... तेव्हा.

अभिरूप न्यायालयात तिने विषय घेतला खाड्याचा. टोळीत दोघांपैकी एक आजारी पडलं की दुसऱ्याला एकट्याने काम ओढत नाही, अख्खा कोयता बसतो. त्या दिवसाचा खाडा पडतो आणि वर दंड. सुमित्राचं म्हणणं, आजारपणाचा दिवस खाडा नव्हे, ती रजा. मी मुद्दाम रजा काढून बघायला गेले. मैत्रिणीचा काळा कोट तिच्या खांद्यावरून घसरत होता. न्यायमूर्तींच्या खुर्चीवर एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी विचारलं, "पण बाई, टोळीच्या हजेरीत तुमच्या अशिलाचं नावच नाही. मग तिची रजा कशी मागता?" तिने घसरलेला कोट सावरला. मग म्हणाली, "तेच तर, साहेब. जिचं नाव कधी घेतलं न्हाई, तिचा खाडा कसा धरता? आदी नाव घ्या. मग आजारी पडली तर रजा लिवा." निकाल तिच्या बाजूने लागला. कॅन्टीनमध्ये वडा खाताना तिला एकदम रडू आलं. "हे खरं कोर्ट असतं तर, आक्का?"

शेवटच्या वर्षी पाऊस झाला नाही. रानात काही उभंच नव्हतं. मी म्हटलं, तू माझ्याकडे राहा, परीक्षा होऊ दे, दत्ता जाईल. पण अर्धा कोयता कोणता मुकादम उचलतो? दोघं गेली. साखर कारखान्याची मशीन बिघडून तोड थांबली होती, तेव्हा तिने तोडकऱ्यांच्या कोप्यांपुढे, त्या पाचटाच्या झोपड्यांपुढे, बायका जमवून शिबिर घेतलं. फोनवर सांगताना आवाजात आनंद मावत नव्हता. "मुकादमबी बसला ऐकाया. म्हनला, वहिनी, बरुबर हाय तुमचं."

त्यानंतर तिला ताप आला. दत्ता म्हणाला, पडून राहा. ती म्हणाली, दुष्काळाने ऊस सरलाच आहे, थोडक्यासाठी कोयता कशाला बसवायचा. अंगात ताप घेऊन ती मोळ्या वाहत राहिली आणि फडातच कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता... मुकादम वाईट माणूस नाही. अंत्यविधीला तो माझ्यापेक्षा जास्त रडला. पण त्या सकाळीही त्याने दत्ताचंच नाव पुकारलं होतं. मला राग येतो. त्याचा येतो, कारखान्याचा येतो, आणि सगळ्यात जास्त तिचा येतो. दुसऱ्या बायांसाठी जिंकलीस ना गं? मग एक दिवस स्वतः का नाही पडून राहिलीस?

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. दत्ता आता दूध संस्थेच्या चारा छावणीत दोन गाई घेऊन राहतो. गेल्या रविवारी मी त्याच्यासाठी भाकरी घेऊन गेले. टँकर येऊन गेला होता, जनावरं पाणी पिऊन शांत झाली होती. मी त्याला वाढलं. तो ताटाकडे बघत बसला, घासाला हात लावीना. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "सुमित्रा."

शेजारच्या पालातल्या कुणी मान वळवली नाही. त्यांना आता सवय झाली असावी. चुलीपुढून माणूस उठायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो थांबला. माझ्या ओठांवर 'हाजर' आलं होतं, पण नाव माझं नव्हतं.

दत्ताने भाकरी मोडली आणि हळूच म्हणाला, "रजा."