ठासणीच्या बंदुकीचं बक्षीस

हॅलोविनच्या फटाक्यांचा वास आला की आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातलं माझं पहिलं वर्ष आठवतं. शेजारचे पॅडी ठासणीच्या बंदुकांची नेमबाजी स्पर्धा भरवायचे.

"कपांनी सगळ्यांची कपाटं भरलीत. काहीतरी हवंसं वाटेल असं बक्षीस सुचव," ते म्हणाले.

हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून घरी परतल्यावर माझ्याशी बोलायला कुणी नसायचं. मी म्हटलं, "जिंकेल त्याला माझ्याकडे जेवण."

रविवारी स्पर्धा जिंकलेल्या नोराआजी दारात आल्या. कोटाला बंदुकीच्या दारूचा वास आणि मागे हरलेली सगळी मंडळी!

"यांनाही आणलं. चालेल ना?"

खुर्च्या पुरेनात. मसालेभात वाढताना माझी नुसती धांदल उडाली. आज लिमरिकमध्ये मी ज्यांना आपली माणसं म्हणते, ती त्या दुपारी माझ्या जिन्यावर ताटं घेऊन बसली होती.