नानांच्या टाचा

दोन वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी सकाळी माझे वडील, नाना, गेले, तेव्हा मी त्यांच्यापासून दोन फुटांवर हाताची घडी घालून उभा होतो.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज सायबर कॅफेत बसून लिहितोय.

नाना मालेगावला लूमवर कापड विणायचे. तीस वर्षं. नववीत माझी शाळा सुटली, तेव्हा मीही त्यांच्या शेजारच्या लूमवर उभा राहिलो.

एका दुपारी तुटलेलं सूत जोडता जोडता ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.
पॅरालिसिस. डावी बाजू गेली.

मग आम्ही नाशिकला ताईकडे आलो. सिडकोत दोन खोल्या. ताई आणि दाजी कामाला जायचे. घरात नाना आणि मी.

मला वाटायचं, गेलेली बाजू लुळी पडते.
तसं नसतं. काही महिन्यांनी ती आवळत जाते. मूठ अशी मिटायची की नखं तळव्यात रुतायची. पाय लाकडासारखा. नाना ओठ चावून पडून राहायचे. झोप नाहीच.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं, "ओढाताण करू नका. त्यांच्या नसा घाबरल्यात. पायथ्याशी बसा. दोन्ही टाचा तळहातात घ्या आणि हलकेच पुढे-मागे करा. पाळण्याएवढंच. डोक्यापर्यंत सगळं अंग झुललं पाहिजे."

मी सगळं वहीत लिहून घेतलं. फक्त स्पीड विचारायचा राहिला.

घरी आल्यावर मी लूमचा स्पीड लावला.
मला वाटलं, तीस वर्षं ज्या ठेक्यावर हा माणूस उभा होता, तोच त्याच्या अंगाच्या ओळखीचा असणार.

पाय आणखी ताठ झाला. नाना कळवळले आणि अहिराणीत म्हणाले,
"हळू ना भाऊ. मना पाय शे तो, लूम नही."

बोलणं जड झालं होतं. टोमणा शाबूत होता.

पुढच्या खेपेला मॅडम हे ऐकून खूप हसल्या. म्हणाल्या, "घड्याळ बाजूला ठेवा. त्यांचं पोट बघा. ते श्वास घेतील तेव्हा पुढे, सोडतील तेव्हा मागे. तुम्ही चालवायचं नाही, त्यांच्याबरोबर जायचं."

हे शिकायला मला महिना लागला.

एका सकाळी टाचा धरून बसलो होतो आणि नानांची मूठ उघडली. कुणी न उघडता. तळव्यावर चार नखांच्या खुणा दिसल्या.
नाना घोरत होते.

ताईला हाक मारावीशी वाटली. पण आवाजाने ते जागे होतील म्हणून गप्प राहिलो.

तेव्हापासून रोज सकाळी चहा झाल्यावर आणि संध्याकाळी दिवे लागले की टाचा धरायच्या. लोडशेडिंग असलं तर अंधारात.

मला लहानपणापासून छातीत धडधडतं. दार वाजलं तरी. अनोळखी माणूस बोलला तरी. टाचा धरल्या की माझंही शांत व्हायचं.
नानांनी ते ओळखलं होतं. एकदा डोळे मिटूनच म्हणाले,
"तू माले झुलाडी राहिना का सोताले?"
"दोघांना," मी म्हटलं.
"मंग थांबू नको."

तीन वर्षं थांबलो नाही.

मग पॅरालिसिसचा दुसरा अटॅक आला. हॉस्पिटलचा वॉर्ड. नळ्या.
सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही."

म्हणजे फक्त विचारायचं होतं.

मी चिठ्ठीवर वाक्य लिहिलं. 'सर, मी वडिलांच्या टाचा धरून त्यांना हलकेच झुलवू का?' दहा-बारा वेळा वाचून पाठ केलं.
डॉक्टर राउंडला आले. मागे सात-आठ शिकाऊ डॉक्टर.
"काही विचारायचंय?"
"नाही सर."

दुसऱ्या दिवशीही तेच. चिठ्ठी मुठीत घामाने भिजली.

नाना शुद्धीवर नव्हते. पण त्यांचा चांगला पाय, उजवा, चादरीवर पुढे-मागे घासत होता. सावकाश. श्वास घेतला की पुढे, सोडला की मागे.
सिस्टरला वाटलं, पेशंट अस्वस्थ आहे.
मला माहीत होतं. ते स्वतःच स्वतःला झुलवत होते.

शेजारच्या कॉटवर एका म्हाताऱ्या आजीबाई नवऱ्याचे पाय चेपत बसल्या होत्या. त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं.
"भाऊ, असा काय उभा राह्यला? धर की बापाचे पाय."
"डॉक्टरांना विचारायचंय, आजी."
"इचारायचं काय त्यात? बाप तुझाच हाय ना?"

मी ठरवलं, उद्याच्या राउंडला नक्की विचारायचं. राउंड दहाला असतो.

सकाळी आठच्या सुमाराला उजवा पाय हळू झाला.
मग थोडा वेळ नुसता अंगठा हलत होता.
मग तोही थांबला.
मला आधी वाटलं, झोप लागली.

सिस्टर धावत आल्या, डॉक्टरांना बोलावलं, छाती दाबली. मग सगळ्या नळ्या काढल्या, पडदा ओढला आणि ताईला फोन करायला सांगून त्या गेल्या.

मी पायथ्याशी गेलो आणि टाचा धरल्या.
अजून उबदार होत्या.
पोट बघत बसलो, कुठल्या श्वासाबरोबर जायचं ते कळेना. म्हणून माझ्याच श्वासाबरोबर झुलवलं. अंग डोक्यापर्यंत झुललं. तीन वर्षांत कधी नव्हतं इतकं सैल.

तेव्हा मी कुणाला विचारलं नाही.

तुमच्या घरचं कुणी असं पडून असेल, तर डॉक्टरांना विचारा. तोंडातून शब्द फुटला नाही, तर चिठ्ठी त्यांच्या हातात द्या.

नाना, दोन दिवस तुम्हाला एकट्याला सगळं करावं लागलं. मला माफ करा.
तुम्हाला माझा नमस्कार.