फौजीकाकांच्या घरातली सैल झाकणं

गल्लीत सगळे त्यांना फौजीकाका म्हणत. सीमेवर सुरुंग फुटला, त्यात उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि उरलेल्या दोनांत जोर राहिला नाही. पण कुणी विचारलंच, तर काका उडवून लावत, "आपलं काही अडत नाही."

म्हणूनच माजी सैनिकांच्या कार्यालयातून बाई आल्या, तेव्हा काका ताठ बसले. जायबंदी हातामुळे रोजच्या व्यवहारात कुठे अडतं, ते बाईंना बघायचं होतं.

"आंघोळ, कपडे, चहा, सगळं माझं मी करतो."

"मग मला चहा पाजा. काकू जरा बाहेर बसतील."

काकांनी ऐटीत चहा केला. बाईंनी तो प्यायला, छान झालाय म्हणाल्या आणि साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट दाबून बसवलं. "आता उघडा बघू."

काकांनी डबा पोटाशी धरला, दातओठ खाल्ले. झाकण हललं नाही.

मग ते एकेक डबा चाचपत सुटले. सगळी झाकणं नुसती टेकवलेली. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापलेला. एवढंच काय, अंगातल्या सदऱ्याची काजंसुद्धा उसवून मोठी केलेली!

"हे कधीपासून?" त्यांनी काकूंना हाक मारून विचारलं.

"तुम्ही इस्पितळातून आलात, तेव्हापासून."

"आणि मी मूर्खासारखा छाती फुगवून फिरतोय!"

"अहो, तुमचं मन मोडायचं जिवावर आलं."

बाईंनी हळूच विचारलं, "काकू, अलीकडे तुम्ही कुणाकडे राहायला गेला होतात का?"

"कशी जाणार? बहिणीच्या मुलीच्या लग्नालासुद्धा सकाळी गेले नि संध्याकाळी परत. यांचं कोण बघणार?"

"आमची ही घरकोंबडी," असं काका चारचौघांत हसत सांगत. आता त्यांना मान वर करवेना.

"बाई," ते म्हणाले, "लिहा. पुष्कळ अडतं. माझं अडतं आणि हिचंही."

पुढे जाड मुठीचे चमचे आले, झाकण पकडून ठेवणारा चिमटा ओट्याला बसला, बटणं लावायला तारेचा आकडा मिळाला. तो आकडा काकांनी एकदा वैतागून भिंतीवर फेकला आणि मुकाट्याने वाकून उचलला.

हात थोडा बसल्यावर काकू धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन.

"काय जेवलात?"

"भात. खालचा करपलाय, वरचा कच्चा आहे."

"मग मी उद्याच निघू का?"

घर खायला उठलं होतं. हो म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"राहा गं," काका म्हणाले. "आणि धाकटीला विचारलं म्हणून सांग."