होल्डवर ठेवलेला आवाज

अपडेटच्या बाबतीत मी घरात बदनाम आहे. जयपूरच्या झालाना भागातल्या एका ऑफिसात लिनक्सवर चालणारे कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम, त्यामुळे एखाद्या प्रोग्रामचं नवं पॅकेज आलंय आणि ते चढवलं नाही, तर मला खरकटी भांडी तशीच ठेवून झोपल्यासारखं वाटतं. अपवाद एकच, प्रिंटरचा. एका अपडेटनंतर तो रुसून बसला होता, तेव्हापासून त्याच्या पॅकेजला मी ‘होल्ड’ लावलाय. म्हणजे बाकी सगळं खुशाल बदलू दे, हे आहे तिथंच राहील. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही जयपुरात, तिलक नगरात राहतो. नजर अधू झाल्यावर माझे बाबा सांगलीहून आमच्याकडे आले. त्यांच्यासाठी मी जुन्या लॅपटॉपवर मराठी पेपर वाचून दाखवणारा आवाज बसवला. हा आवाज म्हणजे एक नमुनाच होता. ‘चूल’ काय, ‘जावई’ काय, सगळीकडचे च आणि ज हिंदीतल्यासारखे म्हणायचा. बाबा खुर्चीतून कडाडायचे, “अरे, जीभ दातांना लाव की जरा.”

माझी दहा वर्षांची लेक शाळेआधी दुधाचा पेला घेऊन तिथंच बसायची. तिचं मराठीही त्याच वळणाचं. पण बाबा तिला कधी टोकत नसत, टोकायचे ते मशीनला, आणि ही गुपचूप जीभ दातांना लावून बघायची. लेकी बोले सुने लागे, त्यातलाच प्रकार. पुढे पुढे तर तीच आधी चूक पकडायची आणि आजोबांना विचारायची, मतलब, हे चुकलं ना?

एका रविवारी अपडेटच्या यादीत त्या आवाजाची नवी आवृत्ती दिसली. बाबांची रोजची चिडचिड संपणार म्हणून मी मोठ्या हौसेनं ती चढवली. नवा आवाज अगदी गोड, एकही उच्चार वाकडा नाही. बाबा छान आहे म्हणाले आणि मी दिवसभर स्वतःवर खूश होते.

मग लेक दूध स्वयंपाकघरातच पिऊ लागली. बाबा दोन बातम्या ऐकून लॅपटॉप बंद करू लागले. मला वाटलं, कानांची कुरबुर असेल. मी आवाज वाढवून दिला, दुसरा पेपर लावून बघितला. काही उपयोग होईना, तेव्हा सरळ विचारलं.

“आवाज चांगलाच आहे गं,” बाबा म्हणाले. “पण आता आम्हा दोघांना काही कामच उरलं नाही. ती येऊन बसणार तरी कशाला?”

मला फार वाईट वाटलं. शेजारी सगळे प्रेमळ आहेत, येता-जाता बाबूजी बाबूजी करतात, पण बाबांचं हिंदी हवापाण्यापलीकडे जात नाही. सकाळचा तो अर्धा तास हेच त्यांचं दिवसभराचं बोलणं होतं, आणि तेच मी अपडेट करून टाकलं होतं.

त्याच संध्याकाळी जुनी आवृत्ती शोधून बसवली. तरी गडबड झालीच. वाचणाऱ्या प्रोग्रामला होल्ड लावला, पण उच्चारांचं पॅकेज वेगळं असतं हे माझ्यासारख्या पंडितेच्या लक्षात आलं नाही, आणि पुढच्या अपडेटला गोडबोल्या परत हजर. मग दोन्ही उतरवून जुनी चढवली आणि दोघांनाही होल्ड लावला. आता प्रत्येक अपडेटला मशीन मला बजावतं की अमुक पॅकेजेस मागे राहिली आहेत. राहू देत.

जुना आवाज परतला त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरानं कुठल्याशा चुलीची बातमी काढली. बाबा संतापले, त्यांच्या मागोमाग, पेला घेऊन पुन्हा तिथं येऊन बसलेली लेकही संतापली, आणि दोघांनी मिळून त्या मशीनला असं काही फैलावर घेतलं, की शाळेची व्हॅन खाली हॉर्न वाजवत राहिली आणि मी कोणालाच हाक मारली नाही.