घटाची माती

कॅनडात एडमंटनच्या बाहेर केंद्र सरकारचं एक शेत होतं. त्यातल्या एका पट्ट्याची राखण हे माझं काम. माझ्या जन्माच्याही आधीपासून त्या पट्ट्यात कुणी खताचा कण टाकलेला नव्हता. दरवर्षी गहू पेरायचा, कापायचा, माती तपासायची. उपाशी ठेवलेली जमीन किती वर्षं तग धरते, एवढंच बघायचं.

प्रांत सरकारचा त्या शेतावर डोळा होता. शहर कुंपणाशी येऊन ठेपलं होतं. जमीन आमच्या ताब्यात द्या, घरं बांधतो, अशी पत्रं सारखी येत. आमच्या साहेबांकडे हुकमाचं पान एकच, हा पट्टा. इतक्या वर्षांची अखंड नोंद मोडायला केंद्र तयार नव्हतं. पट्टा टिकला तरच शेत टिकणार होतं.

त्या वर्षी नवरात्रात आई नागपूरहून आलेली. घटासाठी दुकानातली माती तिला चालेना. "प्लास्टिकच्या पिशवीतली माती देवीला?" म्हणाली. पट्ट्यातली तपासून उरलेली माती आम्ही फेकूनच देतो, ती मी डबाभर घरी आणली. त्यावर घट उगवला तो जेमतेम चार बोटं, पिवळट. आईचा चेहरा उतरला. मराठी मंडळातली माझी मैत्रीण दर्शनाला आली तेव्हा आईची बाजू सावरायला मी फुशारकी मारली, "या मातीला आजवर कुणी काही घातलेलं नाही. अशी माती अख्ख्या अल्बर्टा प्रांतात मिळायची नाही!" मैत्रीण नोकरीला होती प्रांताच्या जमीन खात्यात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दसरा झाल्यावर आई म्हणाली, घटाची माती जिथली तिथे गेली पाहिजे. बाहेर मी चारचौघांना ऐकवते, पण आईपुढे माझी मात्रा चालत नाही. दुपारच्या सुट्टीत जाऊन डबा पट्ट्याच्या कोपऱ्यात रिकामा केला. जिथली माती तिथे गेली, बिघडलं काय? घटात आईने धान्याबरोबर मोहरीही पेरली होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

जुलैत प्रांताची माणसं पाहणीला आली. त्यांत मैत्रीणही होती. डास फोडून काढत होते. खुरट्या गव्हाच्या कडेने आम्ही चालत कोपऱ्याशी आलो आणि मी जागीच थबकले. मोहरीची दोन झाडं, पिवळीधमक फुललेली. ती मैत्रिणीनेही पाहिली, आणि घटातली मोहरी तिने दर्शनाला आली तेव्हा पाहिलीच होती.

"हॅज एनीथिंग एव्हर बीन अ‍ॅडेड हिअर?" तिने विचारलं.

"नेव्हर," साहेब अभिमानाने म्हणाले.

ती विचारत साहेबांना होती, बघत माझ्याकडे होती. मग हळूच मराठीत म्हणाली, "अगं, मला हे रिपोर्टमध्ये लिहावं लागणार."

मला तिचा भयंकर राग आला. माझ्या घरी जेवलेली बाई! साहेबांच्या शब्दाला नुसती मान डोलावली असती तर विषय तिथेच संपला असता, तीही बोलली नसती असं मला आजही वाटतं. पण काखेत पट्ट्याची वही होती. माझ्या आधीच्या माणसांनी त्यात गारपीट लिहिली होती, उंदीर लिहिले होते, एकदा चुकून दुप्पट पडलेलं बियाणंही लिहिलं होतं. त्या वहीत खोटं लिहिणारी पहिली मी होणार होते.

"येस," मी म्हटलं. "आय डिड." आणि सगळं सांगितलं. मैत्रिणीने खाली मान घालून लिहून घेतलं.

प्रांताच्या पुढच्या पत्रात माझंच कबुलीचं वाक्य होतं; नोंद आता अखंड राहिली नव्हती. पानगळ व्हायच्या आत शेत त्यांच्या ताब्यात गेलं. मला कुणी रागावलं नाही. साहेबांनी माझ्याबरोबर कॉफी घेणं तेवढं बंद केलं.

यंदा घटासाठी मी दुकानातूनच माती आणली. पिशवीवर लिहिलं होतं, खत मिसळलेली. आई व्हिडिओ कॉलवर होती, यंदा तिने हरकत घेतली नाही. घट हातभर उगवला, हिरवागार.

"इतका छान घट तुझ्याकडे कधीच आला नव्हता गं," आई खुशीत म्हणाली. मी फोन तिच्यासाठी घटासमोर धरून ठेवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिले. मला तो बघवत नव्हता.