पुसलेला व्हिडिओ

बाजारात नवी हळद आली की त्या वासासरशी मला एक हमाल काका आठवतात. पोती उतरवून, पिवळ्या हातांनीच ते माझ्या स्टुडिओत पेन ड्राइव्ह घेऊन आले होते. वारलेल्या आईचा व्हिडिओ त्यात होता. भाच्याने तो नव्या फोनवर काढलेला, आणि तो फोन पुढे हरवला. आईच्या जलदान विधीला तो दाखवायचा होता. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर तो उघडेना. नवा घ्यावा की नको, यातच मी वर्ष घालवलं होतं. कमीपणा वाटला, म्हणून म्हणालो, "काका, फाइलच खराब झालीय." "व्हय? मंग ठेवून काय करू? पुसा अन् त्यात बुद्धवंदना भरून द्या." नको म्हटलं तर खोटं उघडं पडेल म्हणून मी माझ्याच हाताने तो व्हिडिओ पुसला. जाताना म्हणाले, "तुमाला उगंच तकलीफ दिली." पुढच्याच महिन्यात मी नवा कॉम्प्युटर घेतला. काका आजही भेटतात, आपुलकीने बोलतात, आणि मी अजून त्यांना खरं सांगू शकलेलो नाही.