खिडकीतलं सांग

मला सांभाळलं ते आमच्या ऑफिसातल्या टेलिफोनवरच्या ताईंनी. म्हणून आधी त्यांचं सांगते, झालं काय ते मग.

ताईंना जन्मापासून दिसत नाही. पेणच्या गणपती कारखान्यात वाढलेल्या, नोकरी रोह्याला. मी पार हिंगोलीकडची, नववीत शाळा सुटलेली. भाऊ डोलवीला कंत्राटी कामावर आला, त्याच्यामागे मी पेणला आले. टायपिंग शिकले आणि ताईंच्या ऑफिसात तात्पुरती चिकटले.

सकाळच्या एसटीत आम्ही शेजारी बसायचो. "कुठं आलो गो?" ताई विचारायच्या, आणि मी खिडकीतलं सांगायचे. खाडीचं पाणी ओसरलंय. चिखलात एक बगळा, जणू कुणी ठेवून विसरलंय. नागोठण्याला नदीवर धुकं, पलीकडचा काठच नाही. ताई मान कलती करून ऐकायच्या. बोलता बोलता मलाही कळेनासं व्हायचं, हे बाहेर आहे की मी झोपेत बघतेय. तेवढा वेळ घराची आठवण गप्प बसायची.

ऑफिसात तेव्हा रोह्याजवळच्या धाटावच्या रासायनिक कारखान्यांसाठी एक पुस्तिका चालली होती, वायू गळला तर काय करायचं त्याची. गावागावांतले घाबरलेले फोन ताईच घेणार. त्यामुळे त्यांच्या कॉम्प्युटरला ती मोठ्यानं वाचता यायला हवी. साहेब म्हणाले, "वर्डमध्येच ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे न दिसणाऱ्यालाही कळेल का ते, तपासायची सोय आहे. तपास, आणि संध्याकाळपर्यंत दे. नाही जमलं तर दुसरी कुणीतरी बघू."

नोकरी जाऊन गावी परत गेले असते तर पुन्हा बाहेर पडणं नव्हतं.

तपासणी लावली. बाजूला तक्रारी उमटल्या: या चित्राला वर्णन नाही, त्या चित्राला वर्णन नाही. चित्राच्या जागी कॉम्प्युटर जे वाचून दाखवतो, त्या प्रत्येक चौकटीत मी 'फोटो' लिहीत गेले. तक्रारी दवासारख्या उडाल्या आणि हिरवी खूण आली, अडचण नाही म्हणून. मला हसू आलं.

ताईंनी कानाला हेडफोन लावले. थोड्या वेळानं खांदे हलायला लागले. हसत होत्या.

"काय गो ह्यां? फोटो, फोटो, फोटो! लग्नाचा अल्बम हाय काय?"

"ताई, हिरवी खूण आलीये पण."

"येऊ दे. मूर्ती साच्यातून सुटली, इतकाच. आखणी कुठं हाय?"

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. ताईंचे वडील ते काम करायचे, तेव्हा कारखान्यात सगळे श्वास रोखून बसत. ताईंना ती शांतता अजून ऐकू येते म्हणे.

"मला नाय जमणार ताई. माझी शाळा..."

"शाळेचा काय संबंध? बगळा कोण सांगतंय रोज? खिडकीतलं सांगतेस तसं सांग."

मग मी डोळे मिटले. एसटी चालू आहे आणि बाहेर ती चित्रं सरकतायत असं धरलं, आणि लिहिलं: छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, नदीकडे फुगलेली. खाली माणसं वाऱ्याला आडवी पळतायत. तोंडाला ओला रुमाल. एका बाईनं म्हातारीचा हात धरलाय.

संध्याकाळी साहेब ताईंच्या टेबलाशी आले. म्हणाले, "समजा मी गावातून फोन केलाय. कुठं पळू?"

ताईंनी हेडफोन लावून ते पान ऐकलं. "पिशवी फुगलीय कुणीकडे ते आधी बघा साहेब. मग वाऱ्याला आडवे पळा, रुमाल ओला करून. आणि घरातल्या म्हातारीला सोडू नका."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हातारी कुठून आली?"

"चित्रात हाय," ताई म्हणाल्या. "हिनं दाखवली."

मी अजून त्याच ऑफिसात आहे. एक दिवस ताईंना माझ्या गावी नेणार. खिडकीची जागा माझी, आणि पेणपासून आमच्या अंगणापर्यंतची सगळी वाट, न झोपता, मी त्यांना सांगत नेणार.